बडोद्याहून समुद्रकाठी तंबू ठोकायला निघताना : आधी तिथी, मग मुक्काम, मग रस्ता

एप्रिल संपत आला की आमच्या दांडिया बाजारच्या घरात दरवर्षी तोच संवाद होतो. मुलांना समुद्र हवा असतो, सासूबाईंना दर्शन, नवऱ्याला लांबवर गाडी चालवायची असते, आणि मला चार दिवस ओट्यापासून सुटका. तंबू घेतल्यापासून या चारही गोष्टी एका सहलीत बसतात. मात्र रस्ता नीट निवडला नाही तर एकही बसत नाही, हे आम्ही पहिल्याच वर्षी शिकलो.

पहिल्या वर्षी मोबाइलवर नकाशा उघडला, बडोद्याच्या सगळ्यात जवळची निळी कड शोधली आणि निघालो. ती कड म्हणजे खंबातचं आखात. गुडघाभर चिखल, पाणी कुठे दिसत नाही, आणि दिसलं तेव्हा ते आमच्याच दिशेने येत होतं. तंबू ठोकला नाही, संध्याकाळी परत फिरलो. गाडीच्या पायपुसण्यांतला तो राखाडी चिखल दिवाळीच्या सफाईपर्यंत निघत होता.

समुद्र कोणता, ते आधी ठरवा

बडोद्याहून मोटारीने जायला तीन वेगवेगळे समुद्र आहेत. तिघांचा स्वभाव वेगळा.

पहिला खंबातच्या आखाताचा. मही, साबरमती, नर्मदा, तापी या सगळ्या नद्या आपला गाळ तिथे आणून टाकतात आणि आखात आत निमुळतं होत गेल्यामुळे भरतीचं पाणी कोंडून वर चढतं. भावनगरकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो, म्हणजे तिमजली घराएवढा. अलंगला जहाजं तोडायचा धंदा वाढला त्याचं एक कारण हेच : मोठ्या भरतीला जहाज काठावर चढवायचं, पाणी ओसरलं की ते तिथेच बसतं. कावी-कंबोईचं स्तंभेश्वर महादेव मंदिर बडोद्यापासून पाऊणशे किलोमीटरवर आहे आणि भरतीला पाण्याखाली जातं. एका दिवसात बघून यावं असं ते नक्कीच आहे. पण आखाताच्या काठावर मुलं पाण्यात सोडायची नाहीत आणि तंबू तर ठोकायचाच नाही.

दुसरा दक्षिण गुजरातचा : दांडी, तीथल, नारगोल, आणि हद्द ओलांडली की लगेच बोर्डी. वाळू काळपट, किनारा उथळ, नारगोल-बोर्डीला सुरूची बनं. अंतर दोनशे ते तीनशे किलोमीटर. दोन रात्रींची सवड असेल किंवा घरात अगदी तान्हं मूल असेल तर मी डोळे मिटून इकडेच जाईन. बोर्डीला ओहोटीत पाणी इतकं मागे जातं की लहान मुलांना खेळायला मैदानच मिळतं. शिवाय वाटेत दांडीला मिठाच्या सत्याग्रहाचं स्मारक आहे, उदवाड्याला पारशांचं अग्निमंदिर (आत आपल्याला जाता येत नाही, पण गावातल्या जुन्या घरांवरून एक चक्कर मारावी), आणि घोलवडचे चिकू. अडचण एकच, भरूच-सुरत पट्ट्यातली ट्रकची गर्दी. दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाचा बडोदा-भरूच टप्पा 2024मध्ये सुरू झाल्यापासून पहिला तास सुखाचा जातो, पुढचं नशिबावर.

तिसरा सौराष्ट्राचा. खरी लांब सहल हीच. भावनगरहून तळाजा, महुवा, ऊना, कोडीनार, सोमनाथ, माधवपूर, पोरबंदर करत द्वारकेपर्यंत राष्ट्रीय महामार्ग 51 समुद्राच्या संगतीने जातो. खुला अरबी समुद्र, पाणी स्वच्छ, वाळू पांढरी-पिवळी, आणि भरती-ओहोटीचा फरक वेरावळकडे दोन-तीन मीटरच. आपल्या बडोदेकरांना यात एक जास्तीची गंमत आहे. बडोदा शहराला समुद्र नाही, पण बडोदा संस्थानाला होता. कोडीनार आणि द्वारकेचं ओखामंडल दोन्ही गायकवाडांच्या राज्यात होती, ओखा बंदर सयाजीराव महाराजांच्याच काळातलं. सासूबाई हे प्रत्येक नाक्यावर सांगतात. मुलांना आता पाठ झालंय.

कोकणाचं काय, असं कुणीतरी विचारणारच, कारण निम्म्या बडोदेकरांचं कुलदैवत तिकडे आहे. पाच वर्षांखालचं मूल आणि साठीपुढचं माणूस गाडीत असेल तर मुंबई ओलांडण्यातच एक दिवस जातो. कुलदैवताला जायचं तर खुशाल जा, पण रेल्वेने. तंबू घरी राहू दे.

मग पंचांग काढा

हॉटेलात उतरणाऱ्याला समुद्राचं वेळापत्रक कळलं नाही तरी चालतं. तंबूवाल्याला नाही चालत. अमावास्या आणि पौर्णिमेच्या मागेपुढे उधाण असतं : भरती सगळ्यात वर चढते आणि ओहोटी सगळ्यात खाली जाते. अष्टमीच्या सुमारास भांग असते, पाणी फार चढत नाही की फार उतरत नाही. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातला जुना हिशेब असा : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. मुंबई-अलिबागकडे हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो. खंबातच्या आखातात तो अजिबात लावू नका, तिथवर पाणी चढायला आणखी काही तास लागतात. भरतीचं कोष्टक मोबाइलवर मिळतं, पण ते कुठल्या बंदराचं आहे ते बघून घ्या. आणि गावात पोचल्यावर कुणाही खारव्याला किंवा कोळ्याला विचारा : "ओट केटला वाग्ये छे?" ओट म्हणजे ओहोटी. हे उत्तर मोबाइलपेक्षा भरवशाचं.

आता यातून तारीख कशी काढायची? आम्ही अमावास्येला निघतो. पहिला मुक्काम आखाताच्या तोंडाशी असतो आणि तिथे कोळियाकचं निष्कलंक महादेव बघायचं असतं. समुद्रात आत पाच शिवलिंगं आहेत, ओहोटीत चालत जाता येतं. उधाणाच्या दिवसांत पाणी लांबवर हटतं, ओली वाट मोकळी होते. आपण पुढे सरकतो तशी तिथीही पुढे सरकते, आणि द्वारकेकडच्या वाळूवर तंबू पडतो तेव्हा चतुर्थी-पंचमी आलेली असते, उधाण ओसरत आलेलं, समुद्र बराच शहाणा. वर शुक्ल पक्ष असल्यामुळे रोज संध्याकाळी थोडा थोडा मोठा चंद्र मिळतो. जेवताना कंदील लागत नाही.

चैत्र अमावास्येला निघालात तर चौथ्या दिवशी अक्षय्य तृतीया वाटेतच येते, आणि तेव्हा तुम्ही बरोबर केसर आंब्याच्या मुलखात असता. तालाला गावचा आंबे बाजार तिथून जवळ. ऊना-कोडीनारच्या रस्त्यावर पेट्या मांडून बसलेले असतात. आमरस तंबूत होत नाही असं कोण म्हणतं? आंबा चोळून मऊ करायचा आणि चोखायचा.

वैशाखाची अमावास्या मात्र बऱ्याच वर्षी उशिरा येते. वीस मेनंतर मी लांबच्या किनाऱ्याला जात नाही. तौक्ते चक्रीवादळ 17 मे 2021च्या रात्री दीव आणि ऊनाच्या मध्ये जमिनीवर आलं, बिपरजॉय जून 2023मध्ये कच्छच्या जखाऊजवळ. म्हणजे आपल्या उन्हाळी सुट्टीचा शेवट हाच वादळांचा हंगाम. निघायच्या आठ दिवस आधीपासून हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा रोज बघायचा. वाटेत बंदर लागलं की दोन गोष्टी बघा : धोक्याचा बावटा कितव्या नंबरचा लावलाय, आणि होड्या बाहेर आहेत की सगळ्या आत. सगळ्या होड्या आत असतील तर तुमचाही मुक्काम पक्क्या छपराखाली.

मुक्काम आधी, अंतर नंतर

नकाशावर रस्ता आखून त्यावर मुक्काम शोधत बसू नका. आधी रात्री कुठे झोपायचं ते ठरवा, मग ते ठिपके जोडा. मुक्कामाची जागा मी चार प्रश्नांवर पारखते. परवानगी कोण देणार? गोडं पाणी किती लांब? संडास कुठे? आणि रात्री दोनला वारा सुटला तर पक्कं छप्पर किती मिनिटांवर? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "पंधरा मिनिटांत" असं नसेल तर ती जागा कितीही सुंदर असो, सोडून द्या.

उघड्या सरकारी किनाऱ्यावर मनाने तंबू ठोकू नये. सौराष्ट्रात तीन सोयी चांगल्या मिळतात. तंबूंना जागा देणारे खासगी मुक्काम, देवस्थानांच्या धर्मशाळांची आवारं, आणि नारळाची किंवा आंब्याची वाडी असलेला शेतकरी. वाडीवाल्याला आदल्या संध्याकाळी जाऊन विचारावं, सासूबाईंना पुढे करावं. म्हातारं माणूस आणि मुलं बघितली की "आवो ने, बेसो ने" होतंच, वर ताकाचा लोटा. पैसे घेत नाहीत, तेव्हा निघताना बडोद्याचा चिवडा आणि भाकरवडीचं पाकीट हातात ठेवायचं. अशी चार पाकिटं मी जास्तच घेऊन निघते.

एक पट्टा मात्र तंबूसाठी पूर्ण वर्ज्य : राजुला-जाफराबाद ते ऊना-कोडीनारपर्यंतची किनाऱ्यालगतची झाडी आणि सुरूची बनं. गीरचे सिंह आता नुसते गीरमध्ये नाहीत, या किनारपट्टीवर त्यांचे कळप कायमचे राहतात. बिबटेही आहेत. दिवसा गाडीतून जा, ऊसबागा बघा, रात्री चार भिंतींत किंवा थेट दीवला.

दिवसाचं अंतर शक्यतो दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. मेमध्ये गाडी पहाटे पाच ते दहा चालवायची. दहा ते चार माणसंही थांबतात आणि टायरही. हा नियम नवऱ्याला पटायला तीन सहली लागल्या.

आमचा ठरलेला फेरा

पहिल्या दिवशी पहाटे पाचला निघून बोरसद, तारापूर, वटामण, धोलेरा. भावनगर दोनशेच्या आसपास. वटामणला चहा आणि गाठिया. कोळियाकला ओहोटी कधी आहे त्यावर भावनगरात किती रेंगाळायचं ते ठरतं. निष्कलंकच्या वाटेवर चप्पल घालून जाऊ नका, चिखल ती ठेवून घेतो. पाणी परतायला लागलं की पुजारी आणि फुलंवाले निघतात, त्यांच्या मागोमाग तुम्हीही निघा. एक फोटो राहिला म्हणून थांबणारेच अडकतात. संध्याकाळी गोपनाथ. इथे मंदिर कड्यावर आहे, खाली समुद्र. वारा जोराचा, तेव्हा तंबूच्या भानगडीत न पडता देवस्थानातच राहा.

हजिरा-घोघा बोटीबद्दल बरेच जण विचारतात. गाडीसकट चढता येतं, 2020पासून चालू आहे, सुमारे चार तास लागतात. सुरतकरांचा त्यात मोठा फायदा. आपल्याला मात्र बोटीसाठी आधी दीडशे किलोमीटरहून जास्त उलट्या दिशेला जावं लागतं. आधी तीथल, मग सौराष्ट्र असा बेत असेल तरच ती घ्या. मुलांना बोटीचा हट्टच असेल तर गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी महुवा, राजुला, ऊना करत दीव, पावणेदोनशे किलोमीटर. दोन रात्री इथे. घोघला आणि नागवा हे दोन्ही किनारे मुलांना पाण्यात सोडण्यासारखे आहेत, जीवरक्षक असतात, सांगतील तेवढ्यातच राहायचं. नागव्याला फांद्या फुटलेली ताडासारखी झाडं दिसतात, ती होका. गुजरातेत इतरत्र अशी सहसा दिसत नाहीत. फुदमचं गंगेश्वर बघा, पिंडींवर लाटच अभिषेक करते. दीव केंद्रशासित आहे, दारूबंदी नाही, आणि परत गुजरातेत शिरताना नाक्यावर गाडी तपासतात. मंडळींत कुणी "एकच बाटली" म्हणणारा असेल तर त्याला तिथेच समजवा. आठवडी सहलीतला अर्धा दिवस पोलीस चौकीत घालवायची हौस नको.

चौथा दिवस हलका ठेवा. कोडीनारमार्गे सोमनाथ, नव्वदेक किलोमीटर. मोठ्या मंदिराशेजारी अहिल्याबाई होळकरांनी 1783मध्ये बांधलेलं जुनं सोमनाथ आहे, गर्दीत बरेच जण ते चुकवतात. मराठी माणसाने तरी चुकवू नये. सोमनाथच्या समुद्रात उतरू नका, तळ एकदम खोल होतो. माधवपूरचंही तेच : रस्ता समुद्राला खेटून जातो, पाणी मोहात पाडतं, पण ओढ वाईट. काठावर उसाचा रस प्यावा, पाय भिजवून पुढे निघावं. रात्री सोमनाथ-चोरवाड भागात वाडीतला तंबू.

पाचव्या दिवशी पोरबंदर, गांधीजींच्या जन्मघराचं कीर्ती मंदिर, आणि दुपार टळल्यावर द्वारका. हा दिवस लांब आहे, तेव्हा पोरबंदरला मोठी विश्रांती घ्या. द्वारकेपुढे बारा-तेरा किलोमीटरवर शिवराजपूर. पूर्ण फेऱ्यातला सगळ्यात निवळ किनारा. इथे दोन रात्री. सासूबाई सकाळी मंदिरात, आम्ही पाण्यात. 2024पासून ओख्याहून बेट द्वारकेला सुदर्शन सेतूवरून गाडीने जाता येतं, पूर्वीची होडीतली रेटारेटी संपली. मुलांना मात्र होडी गेल्याचं वाईट वाटलं.

परतीला जामनगर, राजकोट असे पाचशेच्या आसपास. एका दमात करू नका, राजकोटला झोपा. सगळा मिळून तेरा-चौदाशे किलोमीटरचा फेरा, आठ दिवस.

तंबू आणि वाळू

तंबूवर "चार माणसं" लिहिलेलं असतं, ती चार माणसं बहुधा उभी झोपतात. चौघांना सहाचा घ्या. आतला थर पूर्ण जाळीचा हवा. रात्री पाऊस नसेल तर वरचं आवरण काढून ठेवा, नाहीतर मेच्या रात्री आत इडली होते.

वाळूत खुंट्या धरत नाहीत. लोखंडी असोत की कसल्याही, पहिल्या झोतात उपटल्या जातात. त्यावर उपाय घरातच आहे. तांदळाच्या पाच किलोच्या रिकाम्या पिशव्या जपून ठेवा. पिशवीत ओली वाळू भरायची, तोंड दोरीने आवळायचं, त्याच दोरीचं दुसरं टोक तंबूच्या कडीला. मग कोपरभर खड्डा करून पिशवी आडवी पुरायची आणि वर पाय देऊन दाबायचं. चार कोपरे आणि वाऱ्याच्या बाजूला दोन जास्तीच्या. दीवला एका रात्री शेजारच्यांचा तंबू गडगडत गेला, आमचा फक्त फडफडला. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे, दार विरुद्ध दिशेला. मेमध्ये वारा बहुतेक नैर्ऋत्येकडून असतो.

जागा निवडताना काठावरची काडीकचऱ्याची रेघ शोधा. शेवाळ, शिंपल्या, थर्माकोलचे तुकडे जिथे रांगेत पडलेत तिथवर कालची भरती आली होती. तिच्यापासून बरंच वर, वाळूचा चढ संपून गवत सुरू होतं तिथे. अमावास्येकडे तिथी जात असेल तर उद्याचं पाणी कालच्या रेघेच्या पुढे येणार. आमच्या दुसऱ्या सहलीत चतुर्दशी होती आणि आम्ही रेघेच्या तीन पावलं वर होतो. पहाटे धाकटी म्हणाली, "आई, माझी उशी पोहतेय." नारळाखाली तंबू नको, कारण सांगायला नको. गाडी वाळूवर नको, डांबर संपतं तिथेच ठेवा.

डिकीचं आणि डब्याचं

गाडी सीएनजीवर असेल तर निम्मी डिकी टाकीने खाल्लेली असते, हे सामान काढायच्या आधी लक्षात घ्या, नंतर नाही. आम्ही गाद्या रद्द केल्या आणि जुन्या सतरंज्या घेतो. छतावर कॅरियर लावलात तर वर फक्त हलकं : तंबू, चटया, बादल्या.

पाण्याचं पाल्हाळ लावते, कारण तिथेच लोक फसतात. किनाऱ्याच्या गावांत विहिरीचं पाणी मचूळ असतं. त्यात चहा विचित्र लागतो आणि तुरीची डाळ शिजतच नाही. पहिल्यांदा मी दीड तास ढवळत बसले, गॅस संपत आला, डाळ तशीच टणक. तेव्हापासून मूगडाळ, मेतकूट, पिठल्याचं पीठ, दाण्याची चटणी आणि पहिल्या दोन दिवसांचे थेपले. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज पाच लिटर गोडं पाणी धरा, वीस लिटरचे दोन जार गाडीत, रोज सकाळी निघताना भरून. पन्हं घरून आटवून बाटलीत. शेगडी तंबूच्या बाहेर, आडोशाला, आणि सिलिंडर भर उन्हात बंद गाडीत सोडायचा नाही.

घरी पोचल्यावर सगळे आडवे होतात, पण गाडी त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या. खारं वारं पत्रा खातं. तंबूही बादलीभर गोड्या पाण्यातून काढून दोन दिवस गच्चीवर सावलीत पसरायचा, चेनींचे दात जुन्या ब्रशने घासायचे, आणि तांदळाच्या पिशव्या झटकून पुढच्या वर्षीसाठी माळ्यावर. झटकताना निघालेली शिवराजपूरची वाळू धाकटीने तुळशीच्या कुंडीत घातली. मी ती खरवडून काढली, कारण खाऱ्या वाळूने तुळस जळते.